नऊ नंबरची फांदी

गेनू भुरुक याच्याबद्दल विंझरात आणि आमच्या कामथडीत दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, त्यानं वेल्ह्याकडचा डोंगर बोडका केला. दोन, त्यानं एका मॅडमचं कॅन्सरवरचं औषध बुडवलं. दोन्हींत थोडं खरं आहे. पण सांगणारे डोंगरावर चढलेले नाहीत आणि प्रयोगशाळेत आलेले नाहीत. मी दोन्ही कामांत होतो. म्हणून लिहितो.

गेनू मला पहिल्यांदा दिसला तो १९९७ साली, टेम्पोच्या हौद्यात पोत्यांवर बसलेला. कामथडीला हायवेजवळ झाडपाल्याचा अर्क काढणारा कारखाना होता. तिथं मी दळणाच्या यंत्रावर होतो. पोत्यांत नरक्या होता. नरक्या म्हणजे घाटातल्या दाट सावलीत वाढणारं लहान झाड. पान चुरगळलं की घाण वास येतो, म्हणून ते नाव. जनावर त्याला तोंड लावत नाही. त्याच्या लाकडात एक द्रव्य असतं आणि त्यापासून परदेशात कॅन्सरचं औषध बनतं, हे आम्हाला पुढं दोन वर्षांनी कळलं. तोवर आमच्या लेखी ते जळणच होतं.

काम असं होतं. गेनू आणि त्याच्या वस्तीवरची माणसं पहाटे डोंगरात जायची. झाड बुंध्यातून तोडायचं, मग मूळ खणून काढायचं, कारण मुळात माल जास्त. तुकडे करायचे, पोतं भरायचं, पस्तीस किलो डोक्यावर घेऊन अडीच तास उतरायचं. गेनू दिवसाला दोन खेपा करायचा. बाकीचे एक करायचे. मी ते लाकूड दळायचो. धूळ नाकातोंडात गेली की दोन दिवस पोट बिघडायचं. फडकं बांधायचं आणि यंत्र चालू ठेवायचं.

सात वर्षं हे चाललं. मग टेम्पो यायचा बंद झाला. वनखात्याची बंदी आली असं मालक म्हणाला. गेनू म्हणाला, "बंदी कशाला पायजे? झाडंच न्हाईत. काल दिसभर हिंडलो, बोटायेवढी दोन रोपं घावली."

"मग तोडलीस का?"

"न्हाई. लाज वाटली."

त्यानंतर तो भातशेती आणि मजुरी करत राहिला. मी बॉयलरवर गेलो. कधी विंझरच्या स्टँडवर भेट व्हायची, चहा व्हायचा. एवढंच.

२०१८ साली कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या एका कॉलेजला संशोधनासाठी दिल्या. तिथं दीपमाला मॅडम आल्या. भोरच्याच. वडील एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळं हात काळे करायला लाजत नव्हत्या. मालकानं मला निम्मा वेळ त्यांच्याकडं दिला. काचेची भांडी धुणं, वाफेच्या भट्टीत ती निर्जंतुक करणं, आणि बटाटे सोलणं. बटाटे बुरशीसाठी. लिटरला दोनशे ग्रॅम, सोलून, चिरून, उकळून, पाणी गाळून घ्यायचं. त्यात साखर. ते बुरशीचं जेवण. पहिल्या दिवशी मी अंदाजानं बटाटे घेतले. मॅडमनी ते परत तोलायला लावले. दोनशे दहा भरले. त्यांनी दहा ग्रॅमची फोड सुरीनं कापून बाजूला ठेवली. तेव्हाच मला ही बाई पटली.

त्यांचं काम काय होतं ते मला समजलं तसं सांगतो. नरक्यातलं द्रव्य कॅन्सरच्या पेशी मारतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि माणसालाही बाधतं. कारखान्यात रसायनं वापरून त्याचं रूप बदलता येतं, पण ते अवघड आणि घाण काम. झाडाच्या सालीच्या आत मात्र एक बारीक बुरशी राहते. झाडाला त्रास न देता. त्यांतली एखादी बुरशी असं करते की तिला ते द्रव्य खायला घातलं तर ती त्याला एक जोड लावून बाहेर टाकते. ते नवं द्रव्य पाण्यात विरघळायला सोपं, आणि कदाचित माणसाला कमी बाधणारं. कदाचित. मॅडम हा शब्द कधी गाळायच्या नाहीत. कुठली बुरशी हे करते हे शोधायला त्यांना रानातल्या जिवंत झाडांच्या फांद्या हव्या होत्या, ताज्या, तोडल्यापासून एका दिवसाच्या आत.

"कुठं झाडं उरलीत हे कोणाला ठाऊक असेल?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "ज्यानं तोडली त्याला."

गेनू आला. टोपी काढून दाराशी उभा राहिला.

"मामा, आत या. किती झाडं तोडली असतील तुम्ही?"

"मोजली न्हाईत बाई. मोजत बसलो असतो तर दुसरी खेप झाली नसती."

मॅडम हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आता मोजायची आहेत."

त्या हिवाळ्यात गेनूनं मॅडमना बारा झाडं दाखवली. दोन आठवडे लागले. त्याला प्रत्येक झाड ठाऊक होतं, कारण त्यानं ती जाणून सोडली होती किंवा त्याच्या कोयत्यातून ती सुटली होती. मॅडमनी प्रत्येक झाडाला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधला. एक ते बारा. नऊ नंबरचं झाड वाघजाईच्या देवराईत होतं. बारांतलं सगळ्यांत जुनं, मांडीएवढ्या बुंध्याचं.

देवराईचा नियम साधा आहे. तिथलं वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही. काही हवंच असेल तर गुरवाकरवी देवीला कौल लावायचा. दगडाच्या देवीला पाण्यानं दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. त्या सात वर्षांत सगळा डोंगर तोडताना गेनूनं देवराईत कोयता नेला नव्हता. त्याच्या मोठेपणासाठी हे सांगत नाही. कोणीच नेला नव्हता.

फांद्या आणायचं काम त्याच हिवाळ्यात, २०१८च्या मार्गशीर्षात झालं. ते गेनूनं एकट्यानं केलं. एक दिवस एक झाड. पहाटे निघून चार-साडेचार तास चढायचं, करंगळीएवढ्या जाडीच्या पाच फांद्या तिरक्या छाटायच्या, झाडाच्या घावाला शेणमाती लिंपायची, फांद्या ओल्या फडक्यात आणि वर कुंभ्याच्या रुंद पानांत गुंडाळायच्या, खाली उतरून वेल्ह्याहून येणारी दुपारची एसटी विंझरला धरायची आणि नसरापूरवरून संध्याकाळच्या आत कामथडीला पोचायचं. पिशवीवर नंबर. बारा दिवसांत बारा पिशव्या. एकही एसटी चुकली नाही. त्याच्याकडं बटणांचा मोबाईल होता, फोटो निघत नव्हते. कोणी मागितलेही नाहीत. गेनूवर भरवसा होता, आणि काम पाहता तो ठेवायलाच हवा होता.

नऊ नंबरच्या पिशवीतून निघालेल्या बुरशीनं ते केलं.

मी तेव्हा तिथं होतो. पांढरी, कापसासारखी, मागून पिवळी. तिला बटाट्याच्या पाण्यात वाढवलं, नरक्याचा अर्क घातला, सात दिवस हलत्या मांडणीवर ठेवलं. द्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राच्या कागदावर आधी एकच टोक यायचं, आता दुसऱ्या जागी नवं टोक आलं. मॅडमनी तेच काम आणखी नऊ वेळा केलं. नऊही वेळा आलं. पुण्याला पाठवलं. तिथं काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी त्यानं मारल्या. मॅडमनी लेख लिहिला. त्यात देवराईतल्या जुन्या झाडाचा उल्लेख होता, आणि शेवटी आभारात गेनूचं नाव. इंग्रजी अक्षरांतलं ते नाव मी गेनूला बोटानं दाखवलं. त्यानं पाहिलं आणि टोपी घालून बाहेर गेला. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग करोना आला. कारखाना बंद, नंतर अर्धा चालू. बुरशी जिवंत ठेवायची तर दर काही आठवड्यांनी तिला नव्या नळीत हलवावं लागतं. मॅडम भोरहून पास काढून यायच्या आणि ते करायच्या. एकदा सलग तीन दिवस वीज नव्हती. थंड कपाटात बारा पिशव्यांतल्या उरलेल्या काड्या जपून ठेवल्या होत्या. त्यांना पाणी सुटलं, वास सुटला. मॅडम तापानं घरी होत्या. मी त्या काड्या बॉयलरमध्ये घातल्या. विचारलं नाही. कपाट धुऊन पुसून स्वच्छ केलं, आणि चांगलं काम केलं असं समजून घरी गेलो.

बुरशी जगली, पण तिचं काम मंदावलं. असं होतं म्हणे. झाडातून काढून वर्षानुवर्षं बटाट्यावर पोसली की ती विसरते. पहिल्या वर्षी जे टोक हाताएवढं यायचं ते २०२२च्या दिवाळीत नखाएवढंही येईना. प्रकल्पाची मुदत पुढच्या जूनपर्यंत होती. पैसे देणाऱ्या पुण्याच्या समितीपुढं चालू, काम करणारी बुरशी दाखवली तर पुढची पाच वर्षं मिळणार होती. नाहीतर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही. झाड आहे ना. मामा, नऊ नंबरच्या ताज्या फांद्या आणा."

गेनू म्हणाला, "आणतो." आणि आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी फांद्या घेऊन आला.

मॅडमनी त्यातून सोळा बुरश्या काढल्या. एकही ती नव्हती. गेनूला परत पाठवलं. परत आणल्या. परत नाही. मॅडमना वाटलं चूक आपल्या हाताची आहे. साल धुवायचं पाणी बदललं, ब्लीचचा वेळ बदलला, दीड मिनिटाचा एक केला, एकाचं पाऊण. फांदीच्या बुडाचा तुकडा, शेंड्याचा तुकडा. चार महिने. तेवढ्यात मी काचेचे नऊशे चाळीस चंबू धुतले. आकडा मॅडमच्या वहीत आहे. त्यांचं वजन उतरलं, गालफडं बसली. दुपारचा डबा तसाच परत न्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सोपानदादा, माझा हात बिघडला का हो?" मी म्हणालो, हात चांगला आहे. त्यांनी ऐकलं नाही.

गेनूनं हे सगळं पाहिलं. फांद्या दिल्यावर तो लगेच जात नसे. दाराशी बसून मॅडमकडं पाहत राहायचा. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तो बॉयलरपाशी आला आणि कोळशाच्या पाटीवर बसला.

"सोपाना, ती पहिली नऊ नंबरची पिशवी नऊ नंबरची न्हवती."

मी दाब पाहत होतो. पाहणं संपवलं आणि मग वळलो.

त्यानं सांगितलं ते असं. त्या मार्गशीर्षात तो चिमाजी गुरवाला घेऊन देवराईत गेला. कौल लावला. डावी पाकळी पडली. परत लावता येत नाही, त्या दिवसापुरतं तेच उत्तर. गुरव घरी गेला. गेनू एकटा उरला. साडेचार तास चढून आलेला, फडकं ओलं केलेलं, एसटीची वेळ होत आलेली. देवराईच्या दगडांच्या हद्दीखाली तीस पावलांवर नरक्याचं एक कोवळं झाड होतं, मनगटाएवढं. त्याला बिल्ला नव्हता. पाखरानं वरच्या झाडाचं बी खाली टाकलेलं, ते रुजलेलं. गेनूनं ते लहानपणापासून पाहिलं होतं.

"म्या म्हणलं, आईची न्हाई तर लेकीची. रगत येकच की."

"पिशवीवर काय लिहिलंस?"

"नऊ."

"ते झाड आता कुठं आहे?"

"तिथं पलाट पाडलेत. पुण्याच्या लोकांचे. परवाच्या पावसाळ्याआधी जेसीबी फिरला. ते झाड मातीत गेलं."

"हे तुला दोन वर्षं ठाऊक आहे?"

"व्हय. पर मागितलं कुणी न्हवतं. मागितलं तवा परत कौल लावला. गुरव म्हणला, बघ, देवीनं उजवी दिली. म्हणलं, आता तरी खरं नऊ नंबरचं देऊ. तेच चालंल."

मी चिडलो. त्याच्या खोटेपणावर नाही, आधी त्या चार महिन्यांवर. एक बाई चार महिने स्वतःचा हात दोषी धरून राबली आणि हा दाराशी बसून बघत राहिला. मी त्याला ते सांगितलं. शिवीही दिली. तो म्हणाला, "दे अजून." मी म्हणालो, "मला दुसरं काम आहे. उठ, आत चल."

मॅडमना त्यानंच सांगितलं. मी फक्त दार लावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली ताटली खाली ठेवली, झाकण नीट बसवलं.

"मामा, रिकामे आला असता तर मी काय केलं असतं?"

"म्हंजी?"

"रागावले असते का? मी लिहिलं असतं, नऊ नंबर, फांदी मिळाली नाही, देवीचा कौल नाही. संपलं. मला त्या देवीची भीती नाही, पण तुमच्या कौलाची नोंद मी केली असती."

गेनू म्हणाला, "दिसाचा रोज घ्यायचा आन मोकळ्या हातानं यायचं, ह्ये कदी केलं न्हवतं बाई."

मग मॅडमनी त्याला समजावलं. आवाज न चढवता. आईचं रक्त लेकीत येतं, पण ही बुरशी तशी येत नाही. ती वाऱ्यानं येते, पावसाच्या थेंबानं, मातीतून. तीस पावलांवरच्या झाडात वेगळीच असू शकते. गेनू मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग ती हुती कुणाची?"

"त्याच झाडाची. आता कोणाचीच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. डोंगराच्या अंगाला पायऱ्यांसारखे सपाट तुकडे पाडले होते, तारेचं कुंपण होतं. राखणदार गेनूचा नात्यातला निघाला, त्यानं खणू दिलं. गेनूनं जागा दाखवली. भराव दीड पुरुष उंच होता. तीन दिवस कुदळ आणि घमेलं. मी पासष्टीला टेकलेलो, गेनू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि त्याचा उजवा गुडघा सुजलेला. मॅडम घमेली उचलत होत्या. तिसऱ्या दिवशी गेनूला मूळ लागलं. त्यानं नखानं साल खरवडली, वास घेतला, आणि म्हणाला, "त्योच हाय." मूळ काळं पडलं होतं. मॅडमनी त्यातून जे काढलं ती कुजलेल्या लाकडावरची साधी काळी बुरशी होती. कुठल्याही भरावात मिळते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी तसं म्हणालो. प्रकल्प बंद होईल, पण लेख राहील, नाव राहील. बुरशी काम विसरली असं सांगायचं. ते खरंच होतं.

मॅडम म्हणाल्या, "लेखात देवराईतलं झाड लिहिलंय. उद्या दुसरं कोणी तिथं जाऊन तीच बुरशी शोधेल. माझ्यासारखे चार महिने घालवेल. मी कळवणार."

आणि कळवलं. पुण्याहून उत्तर आलं. एका पिशवीबद्दल खोटं असेल तर बाकी अकरांचं काय? जूनमधल्या बैठकीत त्याचा खुलासा करावा.

आता प्रश्न अकरा झाडांचा होता. बाकी अकरांतून मॅडमनी एकशे चौदा बुरश्या काढल्या होत्या. त्यांतल्या दोन थोडंथोडं तेच काम करताना दिसल्या होत्या. कमी, पण करत होत्या. त्या दोन वाचल्या असत्या तर काम वाचलं असतं, खोल्या राहिल्या असत्या. ती अकरा झाडं खरी होती हे सिद्ध करणं आलं, आणि ते फक्त गेनूला करता येणार होतं.

तो म्हणाला, "दावतो. पर्त्येक झाडावर माजा घाव हाय."

मे महिना होता. मी रजा टाकून बरोबर गेलो. गेनूच्या घरी निघताना ठकुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून दिला. मला म्हणाली, "भावजी, तुमी तरी सांगा. वाकडा पाय घिऊन डोंगर चढतोय. पडला तर खाली आणणार कोण?"

"मी आणतो, वैनी."

"तुमाला कोण आणणार?"

गेनू दारातून म्हणाला, "आमाला दोगांना बाईच आणतील, घमेल्यात."

अकरा झाडांना आठ दिवस लागले. पूर्वी तो एका दिवसात जाऊन यायचा, आता प्रत्येक चढावर बसायचा. पण चुकला एकदाही नाही. झाडापाशी गेलो की तो थेट फांदीकडं हात करायचा. तिरका घाव, भरून आलेला, कडेनं साल गोल वळलेली, मध्ये शेणमातीचा काळा डाग. पाच घाव प्रत्येकी. मॅडम फोटो काढायच्या, पट्टी धरायच्या, वहीत लिहायच्या. चार नंबरचं झाड वादळात उन्मळून पडलं होतं. गेनूनं पडलेल्या झाडाखाली झोपून शेंड्याकडची फांदी ओढून काढली आणि पाचही घाव दाखवले. अकरांवर पंचावन्न घाव. पंचावन्न मिळाले. वाघजाईच्या नऊ नंबरवर जुना घाव एकही नव्हता, फक्त गेल्या हिवाळ्यातले ताजे होते. म्हणजे गेनूनं सांगितलं ते सगळं जसंच्या तसं होतं. उतरताना त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसला. म्हणाला, "अकरा तर हायेत."

जूनची बैठक कारखान्यातच झाली. पुण्याहून तिघं आले. मुख्य होते इंद्रजित सर, साठीचे, सभ्य. त्यांनी गेनूला खुर्ची दिली. सगळे फोटो पाहिले, घाईनं नाही, एकेक. मग म्हणाले, "गेनूभाऊ, तुम्ही या झाडांवरून फांद्या तोडल्या हे मला मान्य आहे."

"व्हय साहेब."

"त्याच फांद्या त्याच नंबरच्या पिशवीत गेल्या, हे कशावरून?"

गेनूला प्रश्न कळला. त्याला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "म्या सांगतो म्हणून."

सरांनी फोटो नीट रचून ठेवले. मग त्यांनी मॅडमना विचारलं, मूळ पिशव्यांतल्या काड्या राखून ठेवल्या असतील ना? त्यांची तपासणी करून त्या कुठल्या झाडाच्या ते आजही ठरवता येईल.

मॅडम म्हणाल्या, "खराब झाल्या. नष्ट केल्या."

मी दाराजवळ उभा होतो. मॅडमनी कोणी नष्ट केल्या ते सांगितलं नाही. मी सांगितलं. "मी जाळल्या, साहेब. कोणाला न विचारता." सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. गेनूनं माझ्याकडं पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नमुन्यांच्या मूळ झाडांची खात्री देता येत नसल्यामुळं बाराही नमुने आणि त्यांतून मिळालेल्या सर्व बुरश्या अभ्यासातून वगळाव्यात, प्रकल्पाला मुदतवाढ नाही. लेख मागं घ्यावा. खोल्या महिनाअखेर रिकाम्या.

मॅडमनी फोन केला नाही. एसटीनं विंझरला गेल्या, मला बरोबर घेतलं. गेनू ओसरीवर पाय लांब करून बसला होता. त्यांनी पत्र मराठीत सांगितलं, काही न गाळता.

"अकरा बी?" गेनूनं विचारलं.

"अकराही, मामा."

"घाव बगून बी?"

"घाव बघूनही."

ठकुबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. गेनू म्हणाला, "बाई, तुमचं काय?" मॅडम म्हणाल्या, कुठंतरी शिकवायचं काम बघेन. लेख मागं घेतल्यावर नवं काम मिळायला वेळ लागतो, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं. आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात एका कॉलेजात तासिकेवर शिकवतात.

जून संपायच्या आत मी एकशे चौदा नळ्या वाफेच्या भट्टीत घातल्या. त्यांतल्या त्या दोनही. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. नियमानं पंधरा पुरतात. मॅडम वीस करायला सांगायच्या, म्हणून वीस केली. नंतर भांडी धुतली, खोल्या पुसल्या, किल्ल्या मालकाला दिल्या.

त्या पावसाळ्यानंतर मी निवृत्त झालो. गेनूचा गुडघा आता वाकत नाही. तो डोंगरावर जात नाही. वस्तीवरची पोरं त्याला 'औषधवाला' म्हणतात, तो ओ देतो. मागच्या पौषात मी त्याला भेटायला गेलो होतो. उन्हात बसलो होतो. त्यानं आपणहून विषय काढला.

"सोपाना, खरं सांग. त्या साहेबाच्या जागी तू असतास तर?"

मी काय म्हणावं असं त्याला वाटत होतं ते मला कळत होतं. अकरा झाडं, अकरा दिवस, पंचावन्न घाव. त्यात एक पाऊल खोटं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बटाटे तोलताना दहा ग्रॅमची फोड काढून ठेवणारी बाईही मी पाहिली होती.

"मीही अकरा काढून टाकले असते," मी म्हणालो.

त्यानं गुडघा चोळला.

"व्हय," तो म्हणाला. "म्या बी."

मग ठकुबाईला हाक मारून म्हणाला, सोपानाला भाकरी वाढ, त्याची एसटी साडेतीनची हाय.